स्क्रूजच्या कचेरीतील बेडूक

अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या एखाद्या कथेतील गंभीर पात्रांच्या जागी बेडूक, डुक्कर, अस्वल आणि उंदीर यांच्या कापडी बाहुल्या उभ्या करून तीच कथा विनोदी अंगाने पुन्हा सांगावयाची, हा उद्योग प्रथमदर्शनी मूळ ग्रंथकाराची अप्रतिष्ठा करणारा वाटतो. आणि ज्या कथांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे ममत्व जडलेले असते त्यांच्या बाबतीत तर असा उद्योग करणाराकडे रसिक मनुष्य काहीशा संशयानेच पाहतो. हा संशय अगदी निराधार आहे असे नाही, कारण या जातीची पुष्कळशी रूपांतरे खरोखरच उथळ निपजतात. तथापि १९९२ साली निघालेला ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ हा चित्रपट ज्याने लक्षपूर्वक पाहिला असेल, त्याला आपल्या संशयाची फेरतपासणी करणे भाग पडते. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या छोट्या कादंबरीवर आजवर कितीतरी चित्रपट झाले. परंतु मूळ पुस्तकाच्या बोलण्याच्या ढंगाशी इतके इमान राखणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही, आणि हे इमान बाहुल्या असूनही राखले गेले असे नसून बाहुल्या होत्या म्हणूनच ते राखता आले, असे माझे मत आहे.

या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिल येथे १९३६ साली त्याचा जन्म झाला, आणि १९५५ साली, म्हणजे विद्यार्थिदशेतच, वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर त्याने ‘सॅम अँड फ्रेंड्स’ नावाचा अवघ्या पाच मिनिटांचा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू केला. कर्मिट हा जो बेडूक पुढे जगभर घरोघर ओळखीचा झाला तो याच काळात जन्मला. हेन्सनने आपल्या आईचा जुना झालेला हिरवा कोट कापून त्याचे अंग शिवले आणि पिंगपाँगचा चेंडू मधोमध चिरून त्याचे डोळे केले. आरंभी तर तो बेडूकही नव्हता, नुसताच एक हिरवट प्राणी होता, आणि बेडूकपण त्याला मागाहून चिकटले.

हेन्सनच्या कल्पकतेचे मर्म कळण्यासाठी त्याच्या बाहुल्या चालतात कशा हे थोडे जवळून पाहावे लागते. परंपरागत बाहुलीवाल्यास आपले अंग लपविण्यासाठी पडदा, पेटी किंवा कनात लागते. हेन्सनने असे ताडले की, दूरचित्रवाणीवर चित्राची चौकट हीच कनात होय आणि तिच्या खालच्या कडेखाली जे उभे असेल ते प्रेक्षकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. यास्तव त्याचे कलावंत उजवा हात डोक्याच्या वर ताणून उभे राहतात. त्या हाताची चार बोटे बाहुलीच्या वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात असतो, डाव्या हाताने बाहुलीच्या हाताला जोडलेली बारीक काडी फिरवली जाते, आणि नजर बाहुलीवर न ठेवता जवळच ठेवलेल्या एका लहान पडद्यावर ठेवली जाते, जेणेकरून प्रेक्षकाला जे दिसावयाचे तेच त्याच क्षणी कलावंतालाही दिसावे. यांतील बहुतेक बाहुल्या डावखुऱ्या का भासतात, याचे उत्तर यातच आहे: कलावंताचा उजवा हात बाहुलीच्या तोंडात गुंतलेला असल्याने हातवाऱ्यांसाठी डावाच काय तो मोकळा राहतो. फॉझी नावाच्या अस्वलासारख्या काही बाहुल्यांचे हात मात्र काडीवर चालत नाहीत, त्यांत खरीखुरी बोटे असतात. अशा एका बाहुलीस दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांनी एकाच देहाप्रमाणे हलावे लागते. लाकडी बाहुलीचा चेहरा घडवितानाच एका भावाशी जखडला जातो. कर्मिटचा चेहरा म्हणजे कापडाच्या पातळ आवरणाखालची जिवंत मूठ, सबब ती मूठ किंचित आवळली की तो खिन्न होतो, सैल सोडली की भाबडा दिसतो, आणि एका बाजूस दाबली की त्याला काहीतरी गिळून टाकावे लागत आहे असा भास होतो. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण हसू आणि दुःख ही दोन्ही एकाच चेहऱ्यावर क्षणाच्या अंतराने उमटविण्याची सोय या रचनेतच आहे.

जुन्या कथांना हात घालण्याची हौस हेन्सनला प्रथमपासूनच होती. १९७० साली ‘हे सिंड्रेला!’, १९७१ साली ‘द फ्रॉग प्रिन्स’ आणि १९७२ साली ब्रेमेनच्या वादकांची गोष्ट, अशा तीन परीकथा त्याने दूरचित्रवाणीसाठी बाहुल्यांकरवी सांगितल्या. त्यांतील शेवटची त्याने जर्मनीतून उचलून थेट अमेरिकेच्या लुईझियानात नेऊन बसविली. परंतु अशा रूपांतरांना जे खरे बळ आले ते ‘द मपेट शो’मुळे. १९७६ ते १९८१ या अवधीत या कार्यक्रमाचे १२० भाग झाले, आणि अमेरिकन वाहिन्यांनी नकार दिल्यामुळे ते इंग्लंडमधील एल्स्ट्री येथील चित्रशाळेत लू ग्रेड या निर्मात्याच्या आश्रयाने चित्रित झाले. एका मोडकळीस आलेल्या नाटकगृहाचा कारभार चालवू पाहणारी ही मंडळी: व्यवस्थापक कर्मिट, जो सदैव धावपळीत आणि तरीही सज्जन, मिस पिगी, जिला आपल्या सौंदर्याविषयी तिळमात्र शंका नाही, फॉझी, ज्याचे विनोद कधीच वठत नाहीत, गोंझो, ज्याला तोफेतून उडवून घेणे ही कलेची पराकाष्ठा वाटते, आणि सज्जात बसून प्रत्येक प्रयोगाला नावे ठेवणारे स्टॅट्लर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे. १२० भागांनंतर या बाहुल्या राहिल्या नाहीत, तो एक पक्का नटसंच झाला. आपल्याकडे संगीत नाटकांच्या वैभवकाळात प्रेक्षक ‘मानापमाना’ची भामिनी पाहावयास जात तेव्हा भामिनीइतकेच बालगंधर्वांनाही पाहावयास जात, आणि त्या दुहेरी पाहण्यात एक वेगळाच आनंद असे, कर्मिटने एखाद्या जुन्या कथेतील भूमिका केली की प्रेक्षकाला तोच दुहेरी आनंद मिळतो. भूमिका दिसते आणि ती करणारा नटही दिसतो, आणि विनोद त्या दोहोंमधील फटीत वस्ती करतो.

१९९० सालच्या १६ मे रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, हेन्सन अकस्मात वारला. कर्मिटला ३५ वर्षे त्याचाच हात आणि त्याचाच आवाज होता, तेव्हा आता हा संसार मोडला असे पुष्कळांना वाटले तर नवल नव्हते. १९९२ च्या जानेवारीत रिचर्ड हंट हा या संचातील आणखी एक मोठा कलावंत गेला. अशा स्थितीत हेन्सनचा मुलगा ब्रायन याने दिग्दर्शनाची जबाबदारी घेतली, जेरी जूल या जुन्या लेखकाने पटकथा लिहिली, पॉल विल्यम्सने गीते रचली, स्टीव्ह व्हिटमायरने कर्मिटचा हात आणि आवाज स्वीकारला, आणि इंग्लंडमधील शेपर्टन येथे डिकन्सचे लंडन उभारले गेले. हा चित्रपट हेन्सन आणि हंट या दोघांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. मरण, वियोग आणि उरलेल्यांनी एकत्र बसून साजरा केलेला सण, हा ज्या कथेचा विषय, ती कथा या मंडळींच्या हाती अशा वेळी यावी, याचा परिणाम चित्रपटातील काही प्रसंगांवर झाला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे.

मूळ पुस्तक १८४३ च्या १९ डिसेंबरला लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. एबेनेझर स्क्रूज नावाचा एक सावकारी वृत्तीचा कंजूष म्हातारा, त्याच्या कचेरीत तुटपुंज्या पगारावर राबणारा बॉब क्रॅचिट हा कारकून, आणि त्या कारकुनाचा टिम हा पांगळा लहान मुलगा; नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजच्या मृत भागीदाराचे, मार्लीचे, भूत येते, त्याच्या मागोमाग भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखविणारे तीन आत्मे येतात, आणि पहाट होईपर्यंत त्या म्हाताऱ्याचे अंतःकरण पालटते. कथा इतकी परिचित झाली आहे की ती सांगणारा कोण होता हे लोक विसरून जातात. वास्तविक त्या पुस्तकाची निम्मी मोहिनी निवेदकात आहे. हा निवेदक अत्यंत बोलका आहे. मार्ली मेला आहे हे सांगताना तो मृत्यूविषयीच्या एका रूढ उपमेची मध्येच चौकशी मांडतो, वाचकाच्या अगदी खांद्याशी उभे राहिल्यासारखा बोलतो, खाद्यपदार्थांच्या दुकानांसमोरून जाताना याद्या करीत रेंगाळतो, आणि भीतीच्या ऐन प्रसंगीही एखादी कोटी केल्यावाचून राहत नाही. गंभीर चित्रपटांनी या कथेचे सांगाडे घेतले, भुते घेतली, बर्फ घेतले. हा बडबड्या निवेदक मात्र त्यांनी बहुधा दाराबाहेर ठेवला, कारण कॅमेऱ्यापुढे त्याचे करावयाचे काय हे त्यांना उमगेना.

जेरी जूलने तो परत आणला. चित्रपटात गोंझो हा निळा, वाकड्या नाकाचा प्राणी चक्क चार्ल्स डिकन्स म्हणून प्रेक्षकांपुढे उभा राहतो आणि रिझो नावाचा खादाड उंदीर त्याच्या सोबतीला असतो. आपण डिकन्स आहोत हे तो सांगतो, उंदराला ते पटत नाही, आणि मग पुरावा म्हणून तो कथेला सुरुवात करतो. पण त्या क्षणापासून त्याच्या तोंडी येणारी वाक्ये पुष्कळ अंशी मूळ पुस्तकातीलच, किंवा त्यांच्या अगदी निकटची असतात. डिकन्सचे गद्य जसेच्या तसे ऐकविण्याचे धाडस प्रतिष्ठित चित्रपटांना झाले नाही ते एका कापडी प्राण्याकडून साधले, याचे कारण उघड आहे: शेजारी उंदीर असल्यामुळे ते गद्य जड होत नाही. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने शंका काढाव्या, एकाने चंद्राचे वर्णन करावे आणि दुसऱ्याने सफरचंद खावे, अशी ही जोडी आहे.

मराठी वाचकाला ही जोडी अनोळखी वाटण्याचे कारण नाही. डिकन्सचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८४३ च्या ५ नोव्हेंबर रोजी, सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्या खेळांतही सूत्रधार आख्यान चालवीत असे तर विदूषक त्याच्याशी थट्टा करीत प्रेक्षकांना त्या आख्यानाच्या आत घेऊन जात असे. पुराणातील कथा सर्वांना पाठ, तेव्हा ती पुन्हा ऐकण्यासाठी जे निमित्त लागते ते विदूषक पुरवितो. हेच भावे कळसूत्री बाहुल्या घडविण्यातही निष्णात होते हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी परिश्रमपूर्वक पुन्हा चालत्या केल्या. कर्नाटक आणि आंध्र प्रांतांतील चर्मबाहुल्यांच्या रामायणातही थट्टेखोर जोडपी अशीच मध्येमध्ये घुसतात, सध्याच्या गावगप्पा करतात आणि निघून जातात. तेवढ्याने रामकथेचे पावित्र्य भंगले असे त्या प्रेक्षकांपैकी कोणास कधी वाटले नाही. एखादी कथा पवित्र मानणे आणि तिच्या अंगणात हसणे, या दोन गोष्टींत विरोध आहे ही कल्पनाच मुळी फार अलीकडची आणि फार थोड्या लोकांची आहे.

परंतु विदूषकाला मोकळीक द्यावयाची तर आख्यान कोणीतरी धरून ठेवावे लागते, आणि या चित्रपटात ते काम मायकेल केन या इंग्रज नटाने केले. स्क्रूजची भूमिका स्वीकारताना त्याने असे ठरविले होते की, आपण रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम करीत आहोत अशाच गांभीर्याने ही भूमिका करावयाची, आणि आजूबाजूला बाहुल्या आहेत याची जाणीव चेहऱ्यावर एकदाही उमटू द्यावयाची नाही. त्याने ते अक्षरशः पाळले. बेडकाकडे तो आपल्या कारकुनाकडे पाहावे तसाच पाहतो. त्याच्या डोळ्यांत मिस्किलपणाची छटा क्षणभरही चमकत नाही. यासाठी त्याला काय कसरत करावी लागली हे पडद्यावर दिसत नाही. बाहुलीवाल्यांना उभे राहण्यास जागा हवी म्हणून जमिनीच्या फळ्या ठिकठिकाणी काढलेल्या असत, त्या खड्ड्यांत हात उंचावून माणसे उभी असत, आणि मधल्या अरुंद फळ्यांवरून केनने पायाकडे न पाहता, रस्त्याने चालल्यासारखे निर्धास्त चालावयाचे. अभिनयाची कसोटी म्हणून याहून कठीण काही मला सुचत नाही.

कचेरीतील आरंभीचा प्रसंग घेऊ. मूळ पुस्तकात क्रॅचिटच्या खोलीतील शेगडीत जेमतेम एक निखारा दिसेल इतकाच जाळ आहे, कोळशाची पेटी स्क्रूजने स्वतःच्या खोलीत ठेवलेली आहे, आणि बिचारा कारकून गळपट्टा गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकू पाहतो, पण कल्पनाशक्ती दुबळी असल्याने त्याला ऊब येत नाही, असा डिकन्सचा कडवट विनोद आहे. चित्रपटात क्रॅचिट म्हणजे कर्मिट, आणि त्याच्या हाताखाली दप्तरे लिहिणारे उंदरांचे एक पथकच आहे. थंडीने शाई गोठली, थोडा कोळसा मिळावा, अशी विनंती उंदीर धीर करून करतात. स्क्रूज अचानक उसळून त्यांना विचारतो की, नोकरी गेलेली आवडेल काय? निमिषार्धात ते सारे कारकून उन्हाळी पोशाख घालून, केवढा हा उकाडा असे म्हणत, समुद्रकाठी आल्यागत नाचू लागतात. प्रेक्षक हसतो; परंतु हसता हसता त्याला कळून चुकते की, पोटासाठी थंडीला उकाडा म्हणावयास लावणारी सत्ता म्हणजे काय. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची जी पाने डिकन्सला गरिबांच्या वतीने फाडावयाची होती, तीच येथे उंदरांच्या नाचाने फाटली आहेत. आणि केन? तो तिकडे ढुंकूनही पाहत नाही. मालकाने न पाहणे हीच त्या प्रसंगातील खरी क्रूरता आहे.

क्रॅचिटच्या घरी मिस पिगी गृहिणी आहे, आणि पटकथाकाराने तेथे एक शब्दही न वापरता एक सुंदर विनोद करून ठेवला आहे: या दांपत्याचे मुलगे सगळे बेडूक आहेत आणि मुली सगळ्या डुकरिणी. कोणीही त्याचा उल्लेख करीत नाही, कोणालाही त्यात वावगे दिसत नाही. टिमची भूमिका रॉबिन या चिमुकल्या बेडकाची आहे. मूळ कथेतील टिम मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठीच निर्माण केला आहे असा आक्षेप पुष्कळ टीकाकारांनी घेतलेला आहे, आणि मनुष्यबालकाने ही भूमिका केली की तो आक्षेप बहुधा खरा ठरतो, कारण गोंडस मुलाने जाणूनबुजून दाखविलेले कारुण्य सहन होत नाही. बाहुलीच्या ठायी ही जाणीवच नसते. एवढासा हिरवा प्राणी कुबडीवर टेकून खोकतो तेव्हा त्यात कोणाचा अभिनय खुपत नाही. तो नुसता लहान असतो आणि आजारी असतो.

यापुढील गोष्ट या चित्रपटाच्या कर्त्यांची विवेकबुद्धी दाखविणारी आहे. भविष्य दाखविणारा तिसरा आत्मा येतो, काळा झगा पांघरलेला, मुका आणि चेहरा नसलेला. आधीच्या योजनेत तिन्ही आत्म्यांची कामे ओळखीच्या बाहुल्यांकडे देण्याचा विचार होता. तो टाकून देऊन नव्या, अपरिचित आकृती घडविण्यात आल्या, आणि त्यांतील पहिल्या, बालिकेसारख्या दिसणाऱ्या आत्म्याचे केस व वस्त्रे अधांतरी तरंगावीत म्हणून ती बाहुली पाण्याच्या टाकीत चित्रित केली गेली. तिसरा आत्मा मात्र केवळ भय आहे. तो दिसताच गोंझो आणि रिझो घाबरतात, आता तुमचे तुम्हीच पाहा, आम्ही शेवटी भेटू, अशा आशयाचे बोलून प्रेक्षकांचा निरोप घेतात आणि खरोखरच पळून जातात. त्यानंतर बराच वेळ पडद्यावर विदूषक नाही, सूत्रधारही नाही. कोणीही हसवीत नाही. क्रॅचिटच्या घरात आवाज नाही, चुलीपाशी धनी नसलेली एक छोटी कुबडी उभी आहे, आणि कर्मिट बाहेरून येऊन मुलासाठी निवडलेल्या जागेविषयी बोलतो. ज्या बेडकाला आपण पाऊण तास पडताना, धडपडताना आणि नाताळसाठी धांदल करताना पाहिले, त्याचे तोंड किंचित आवळले जाते, एवढेच. कोणता हात नाही आणि कोणाच्या जागी कोणाचा हात आला आहे हे जाणणाऱ्या त्या कलावंतांनी तो प्रसंग कसा निभावला असेल, हे सांगावयास नको.

विनोद कोठे थांबवावा हे ज्याला समजते त्याच्याच विनोदाला कथेत मुक्त संचाराचा परवाना द्यावा, असे मला या प्रसंगावरून वाटते. आणि बाहुल्यांच्या पुढील रूपांतरांचा विचार करताना हाच निकष मला उपयोगी पडला आहे. १९९६ साली याच मंडळींनी स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही १८८३ ची कादंबरी घेतली. टिम करी या नटाने लाँग जॉन सिल्व्हरची भूमिका केनच्या अगदी उलट रीतीने, म्हणजे बाहुल्यांहूनही भडक रंगवून केली. बेटावर सोडून दिलेल्या बेन गनच्या जागी मिस पिगी राज्य करताना आढळते. आणि रिझो त्या चाच्यांच्या जहाजावर उंदरांच्या सहली काढून पैसे मिळवितो. हा चित्रपट करमणुकीला भरपूर आहे आणि सिल्व्हर व कथेतील लहानगा जिम यांच्यातील माया शेवटी नावेपाशी जपलीही गेली आहे. परंतु मधल्या भागात कथेचे भय पातळ होते, कारण तेथे हसण्यापासून माघार घेणारा कोणी नाही. २००५ साली दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘विझर्ड ऑफ ऑझ’ त्याहून पुष्कळच खाली उतरला. १९०० साली निघालेल्या बॉमच्या पुस्तकाप्रमाणे नायिकेचे जादूचे जोडे लाल न ठेवता रुपेरी ठेवण्याइतका प्रामाणिकपणा त्यात आहे, पण नायिकेची ओढ घरी परतण्याची न राहता गायिका म्हणून नाव मिळविण्याची झाली, आणि विनोद मूळ कथेवर न बेतता त्या वर्षीच्या प्रसिद्ध माणसांवर आणि प्रचलित गमतींवर बेतले गेले. ती माणसे आणि त्या गमती जुन्या झाल्या, त्यासरशी चित्रपटही जुना झाला.

आपल्याकडे १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटात, विनोद करतानाही कथेचे भय कसे टिकवावे, या प्रश्नाचे एक मराठी उत्तर मिळाले होते, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटातील कल्पना, म्हणजे खुन्याचा जीव बाहुल्यात शिरणे, त्यांनी घेतली आणि तिचा विनोदी चित्रपट केला. रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचू हा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा अभिनय यांनी तो मामला रंगविला. तेथे लक्ष्मीकांत बेर्डे जीव तोडून हसवितात, पण बाहुला स्वतः कधी हसण्यावारी जात नाही, तो शेवटपर्यंत जीव घ्यावयासच निघालेला असतो. आणि म्हणूनच त्या पिढीतील मुले हसतही होती आणि रात्री कपाटाकडे पाहून भीतही होती. केनने माणूस असून जे केले ते येथे बाहुल्याने केले: कोणीतरी एकाने कथा खरी मानली.

‘ख्रिसमस कॅरोल’वर मात्र प्रदर्शनाच्या वेळीच एक अन्याय झाला. कथेच्या मध्यावर तरुण स्क्रूजला त्याची वाग्दत्त वधू बेल सोडून जाते. पैशाच्या मोहाने तुझे प्रेम आटले, एवढाच तिचा आशय. या जागी पॉल विल्यम्सने एक संथ, दुःखी गीत लिहिले होते, आणि ते ऐकता ऐकता म्हातारा स्क्रूजही तिच्यामागे उभा राहून भरल्या गळ्याने ते गाऊ लागतो. त्यात एकही बाहुली नाही, विनोद नाही. लहान मुले चुळबूळ करतील अशा भीतीने वितरक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते चित्रपटगृहांतील प्रतीतून कापण्याचे फर्मान काढले. त्यातच त्या मोसमात ‘होम अलोन’चा दुसरा भाग आणि ‘अलादीन’ यांच्यापुढे या चित्रपटाचे उत्पन्नही बेताचेच झाले. कापण्याचा परिणाम असा झाला की, शेवटच्या मेजवानीत सर्वजण मिळून जे आनंदाचे गीत गातात त्याचा संदर्भच हरवला. कारण त्या शेवटच्या गीताची चाल त्या हरवलेल्या दुःखी गीताचीच आहे, शब्द तेवढे प्रेम गमावल्याचे नसून प्रेम सापडल्याचे आहेत. जुन्या चित्रफितींवर ते गीत काही काळ राहिले, परंतु त्याची मूळ उत्तम प्रत कोठे गेली ते वर्षानुवर्षे कोणास ठाऊक नव्हते. अखेर ती सापडली, आणि २०२२ च्या डिसेंबरात, म्हणजे प्रदर्शनानंतर बरोबर ३० वर्षांनी, ती मूळ जागी बसविलेली पूर्ण आवृत्ती घरोघर पाहण्यास उपलब्ध झाली.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच की, आपल्या घरातील मुलांसह हा चित्रपट पाहावयाचा ठरला तर ते गीत असलेली पूर्ण आवृत्तीच शोधून काढावी, आणि मुले त्या ठिकाणी चुळबुळली तरी ती पुढे ढकलू नये. नंतर त्यांना वाचता येण्याइतके इंग्रजी येऊ लागले म्हणजे डिकन्सचे मूळ पुस्तकही हाती द्यावे. ते फार मोठे नाही, दोन-तीन बैठकींत संपते, आणि गोंझोच्या तोंडून आधीच ऐकलेली वाक्ये त्यांना त्यात भेटतील.